तार आली म्हणून व्हाळ वाया घालवायचा?

संपादक महोदय,

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात कुठेही व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, लहान वीज संचाचा विषय काढला की एकच उत्तर येते: "विजेची तार दारात आली आहे मरे, आता व्हाळात कशाला उतरायचे?" बोलणारा खोटे बोलत नाही. गोव्यातल्या गावांत वीज पोचून जमाना झाला. नेपाळच्या डोंगरात किंवा आफ्रिकेतल्या खेड्यात अंधार आहे म्हणून तिथले लोक ओढ्यावर यंत्र बसवतात, आपल्याला त्याची गरज नाही, असा सर्वसाधारण समज आहे. त्या समजाबद्दलच हे पत्र.

माझे वाळपईच्या बाजूला मोटर वायंडिंगचे दुकान आहे. कुळागरातले (पोफळीच्या बागायतीतले) पंप, भातगिरणीच्या मोटरी, घरातले पंखे आणि मिक्सर, जळलेले सगळे माझ्याकडे येते. पावसाळ्यात आलेली तीन फेजची (विजेच्या तीन तारांवर चालणारी) मोटर उघडली की ती कशाने जळली हे मालकाला विचारावे लागत नाही. दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या तांबूस, वार्निशसकट शाबूत. म्हणजे कुठेतरी लाइनवर फांदी पडली, एक फेज गेला, मोटर उरलेल्या दोन फेजवर घुंघुं करत राहिली आणि घरातला कोणी पंपाकडे पोचेपर्यंत तिचे काम झाले. एक फेज गेला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला प्रिव्हेंटर सारखा ट्रिप होतो म्हणून आमच्याच लोकांनी तो बायपास केलेला असतो, ते वेगळेच. लाइनमनला मी दोष देणार नाही. भर पावसात रात्री दीड वाजता खांबावर चढणारा माणूस मी पाहिला आहे. पण घाटाच्या पायथ्याची गावे रानातून आलेल्या तारेवर जगतात. जून ते सप्टेंबर हे रान त्या तारेवर पडतच राहणार.

आता गंमत बघा. ज्या रात्री करंट जातो त्या रात्री गावातला प्रत्येक व्हाळ दुथडी भरून धावत असतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि घाटाकडे सरासरीहून जास्तच. त्याच चार महिन्यांत छतावरचे सौर पॅनेल ढगांखाली सुस्त असते. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. डिसेंबर ते मे तिच्यासारखे काही नाही. पण जुलैच्या झडीत आधार हवा असेल तर तो वरून नाही, घराच्या मागून वाहत असतो. आपली बहुतेक वीज राज्याबाहेरून येते. एवढा पाऊस पडणाऱ्या राज्याने निदान पावसाळ्यातल्या चार दिव्यांपुरते तरी आपले पाणी वापरावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

किती वीज मिळते याचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. पाणी सेकंदाला किती लिटर आणि ते किती मीटर खाली पडते, एवढ्या दोनच गोष्टी लागतात. समजा सेकंदाला ३० लिटर पाणी पाइपात घेतले आणि २५ मीटर खाली सोडले. ९.८१ ने गुणले की कागदावर ७ किलोवॉटच्या वर येतात. पाइपातले घर्षण, टर्बाइन (पाण्याने फिरणारे चाक), जनरेटर यांची तूट धरून निम्मे हाती लागतात असे मानावे. म्हणजे साडेतीन किलोवॉट. आकडा लहान वाटतो, पण हे यंत्र रात्री झोपत नाही. २४ तासांत ८४ युनिट होतात. तेवढ्याच ताकदीचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला १४ युनिटच्या आसपास देते. साडेतीन किलोवॉटवर तीसेक घरांचे प्रत्येकी चार एलईडी दिवे, एक पंखा आणि मोबाइलचे चार्जिंग निघते. गीझर, फ्रीज, इंडक्शनची शेगडी निघत नाही, हे आधीच सांगून टाकावे. नाहीतर उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी भांडणे ठरलेली.

सरकारी भाषेत २५ मेगावॉटपर्यंतचा प्रकल्प "लहान" आणि १०० किलोवॉटपर्यंतचा "मायक्रो". त्यामुळे लहान जलविद्युत म्हटले की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धरण, बोगदा आणि निविदा येतात. मी पाच किलोवॉटबद्दल बोलतो आहे. आणि लहान म्हणून कोणी हसू नये. देशातले पहिले जलविद्युत केंद्र १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला सुरू झाले, ते १३० किलोवॉटचेच होते.

यंत्रात जादू काहीच नाही. साधा सेंट्रिफ्युगल पंप उलटा चालवला, म्हणजे जिथून पाणी बाहेर पडते तिथून आत सोडले, की तो टर्बाइनचे काम करतो. तीन फेजच्या मोटरीला योग्य मापाचे कपॅसिटर जोडून तिला नेहमीपेक्षा जरा जास्त वेगाने फिरवले की ती वीज खाण्याऐवजी वीज देऊ लागते. रोटरमध्ये थोडे चुंबकत्व शिल्लक असावे लागते. ते गेले असेल तर बॅटरीचा एक झटका पुरतो. भार जास्त झाला तर अशी मोटर जळत नाही, व्होल्टेज बसते आणि दिवे जातात. उलट भार एकदम कमी झाला तर मात्र व्होल्टेज चढते आणि गावभरचे दिवे फुटू शकतात. म्हणून लोड कंट्रोलर लागतो. गावात वीज कमी वापरली जात असेल तेव्हा उरलेली वीज तो हीटरकडे वळवतो आणि यंत्रावरचा भार सारखा ठेवतो.

हा हीटर कुठे ठेवायचा, यात खरी अक्कल आहे. कर्नाटकातल्या जोयड्याच्या पलीकडे एका सुपारी बागायतदाराकडे एक किलोवॉटचा घरगुती संच मी पाहून आलो. कर्नाटकात मलनाड, कोडगू भागात असे संच कितीतरी बागांत बसले आणि तिथल्या सरकारने त्यांना अनुदानही दिले. या गृहस्थाने हीटर पाण्याच्या पिंपात सोडला आहे, त्यामुळे घरात चोवीस तास अंघोळीला कढत पाणी. आणि त्याची म्हातारी आई सकाळी पूजेची फुले काढून परत येताना पाइपाच्या तोंडावरच्या चाळणीतला पातेरा (पालापाचोळा) दाताळ्याने ओढून टाकते. मेंटेनन्स म्हणतात तो एवढाच. पण तो रोज. पहिल्या पावसाच्या आठवड्यात तर दिवसातून तीनदा, कारण उन्हाळाभर रानात साठलेला सगळा पातेरा आणि तांबडा गाळ तेव्हाच खाली येतो. आपल्याकडे हाच हीटर खोबरे वाळवायला लावता येईल. जूनच्या पावसात सापडलेली कोकमाची सोले बुरशी येऊन फेकून देणाऱ्या बायकांना विचारा, फुकटच्या उबेची किंमत काय ते.

नेपाळकडून शिकायचे ते हेच. तिथे हे काम मोठ्या कंपन्यांनी नाही, कारखानदार मेस्त्रींनी उभे केले. काठमांडूचे अक्कलमान नकर्मी यांनी पेल्टन टर्बाइन (वाट्या लावलेले चाक) आणि इंडक्शन जनरेटर (वर सांगितली तशी वीज देणारी मोटर) एकाच सांगाड्यात बसवून "पेल्ट्रिक सेट" तयार केला, डोंगरात माणसांनी वाहून नेता येईल असा. बालाजू आणि बुटवलच्या वर्कशॉपमध्ये क्रॉसफ्लो टर्बाइन बनू लागली. पत्रा कापून, वेल्डिंग करून होणारे हे चाक आहे; लेथ आणि वेल्डिंग सेट असलेल्या कुठल्याही दुकानात ते दुरुस्त होते. सुरुवातीला तर या टर्बाइनवर वीज नव्हतीच. भात कांडणे, दळण दळणे, तेल काढणे ही कामे पट्ट्यावर चालत. जनरेटर नंतर आला. दिवसा गिरणी, रात्री दिवे. त्यामुळे यंत्राला दिवसाही कमाई होती. जिथे फक्त दिव्यांसाठी संच बसले तिथे दिवसभराची वीज पाण्यात गेली आणि ऑपरेटरच्या पगाराचे वांधे झाले. मीटर परवडत नव्हते तेव्हा बऱ्याच गावांत प्रत्येक घराला ठरावीक वॉटची मर्यादा आणि त्या वॉटवर महिन्याचे ठरलेले पैसे, अशी पद्धत होती. जास्त ओढले की कटआउट पडतो. शेजाऱ्याशी भांडण नाही, हिशेबाची वही नाही.

पण "तार आली" हा प्रश्न आपल्या आधी दुसऱ्या देशांनाही भेटला, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा श्रीलंकेत आहे. तिथे गावकऱ्यांनी वीज ग्राहक सोसायट्या काढल्या, श्रमदानाने पाट खणले, ओढ्यांवर संच बसवले. पुढे सरकारी तार त्या गावांत पोचली. लोकांनी तारेचे कनेक्शन घेतले, सोसायटीची वर्गणी थांबली आणि बरेच संच गंजत पडले. यंत्र बिघडले नव्हते, पाणी आटले नव्हते. तार आल्यावर यंत्राचे काय करायचे, हे आधी कुणी ठरवले नव्हते, एवढेच.

ज्यांनी ठरवले त्यांचे चालले. इंडोनेशियात पश्चिम जावातल्या चिंता मेकर गावी २००४ साली १२० किलोवॉटचा संच सुरू झाला. तो सरकारी कंपनीच्या तारेलाच वीज विकू लागला आणि गावाच्या वाट्याला आलेल्या पैशातून गरीब घरांना कनेक्शने दिली गेली. या कामामागच्या त्री मुंपुनी यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नेपाळमध्ये बागलुंग जिल्ह्यात सहा लहान संच ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनने एकमेकांना जोडले, सगळे मिळून १०७ किलोवॉट. एका ओढ्याचे पाणी कमी पडले तर दुसऱ्या संचाने सांभाळून घ्यावे, हा हेतू. आणि नुवाकोटमधला स्यौरेभूमीचा २३ किलोवॉटचा संच २०१८ साली राष्ट्रीय ग्रिडला (देशभरच्या वीज तारांच्या जाळ्याला) जोडला गेला. २३ किलोवॉट! आपल्याकडे लग्नाच्या मंडपाला तेवढा जनरेटर आणतात. टांझानियाने तर तार आल्यावर लहान संचाच्या मालकापुढे कोणते पर्याय राहतील, हे नियमातच लिहून ठेवले.

आपण उलट्या टोकावर उभे आहोत: तार आधी आहे, यंत्र नंतर येणार आहे. म्हणून आपले काम खरे तर सोपे आहे, फक्त नियम हवा. छतावरच्या सौर पॅनेलसाठी नेट मीटर झाला, लोक वीज देतात आणि घेतात. तशीच वाट कुळागराच्या मागच्या पाच किलोवॉटच्या संचाला का नसावी? एरवी त्याने तारेला वीज द्यावी. करंट गेला की गावाचा ठरावीक भार उचलावा: आरोग्य उपकेंद्र, नळाचा पंप, पंचायत, शाळा, रस्त्यावरचे दिवे. २००३ च्या वीज कायद्यात सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात निर्मिती आणि वितरण करायला परवाना लागत नाही, अशीही तरतूद आहे. म्हणजे कायद्याचे दार पूर्ण बंद नाही.

इथे एक गोष्ट अगदी ठासून सांगायला हवी, कारण यूट्यूब बघून उत्साहाने कामाला लागणारी मुले आमच्याकडे बरीच आहेत. तार मेलेली असताना तुमचा संच चुकून तिला जोडलेला राहिला, तर खांबावर चढलेला लाइनमन मरेल. कपॅसिटर लावलेली मोटर ग्रिड गेल्यावरही स्वतःच वीज बनवत राहू शकते, आणि ट्रान्स्फॉर्मर उलटा चालून पलीकडच्या तारेत हजारो व्होल्ट जातात. त्यामुळे ग्रिड गेल्याक्षणी संच तारेपासून आपोआप तोडणारी रिले आणि दोन्हीकडे एकाच वेळी लागूच शकणार नाही असा चेंजओव्हर स्विच, हे नसेल तर संच बसवू नये. डिझेल जनरेटरलाही हेच लागू आहे. आजही कितीतरी घरांत तो दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने सॉकेटमध्ये खुपसलेला असतो, हे मी डोळ्यांनी बघतो.

पाण्याचा प्रश्न यानंतर येतो आणि तो नाजूक आहे. म्हादई नदीच्या पाणीवाटपावरून कर्नाटकाशी एवढे झाले आहे की पाणी वळवणे म्हटले तरी सत्तरीचा माणूस दचकतो, आणि बरोबरच आहे. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळाले. त्यातले जे खोऱ्याबाहेर जाईल ते परत येणार नाही ही आपली भीती आहे. व्हाळावरच्या संचात पाणी दोनशे-तीनशे मीटर पाइपातून जाऊन त्याच व्हाळात परत पडते. पण मधला तेवढा तुकडा कोरडा पडू शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात, तेव्हा तुमचा बांध त्यांच्या वाटेत उंच उभा असेल तर वरची पोरे आणि खालचे मासे दोघेही तुम्हाला शिव्या देतील. म्हणून बांध घोट्याएवढा, पाणी वाहते त्यातले थोडेच घ्यायचे, उरलेले सोडायचे. कुळागराच्या पाटाशी तर भांडण येतच नाही. पोफळींना शिंपणे लागते ते पाऊस सरल्यावर, आणि तोवर व्हाळही बारीक झालेला असतो. जानेवारीपासून यंत्र बंद आणि पाणी पाटाला, असे कागदावर लिहूनच घ्यावे. म्हादई अभयारण्यातल्या व्हाळांना तर हातच लावू नये. खासगी बागायतीतले झरे आणि ओहोळ भरपूर आहेत.

काहींनी मला सुचवले की फळ्या लावून पाणी अडवणारे वसंत बंधारे आहेतच, त्यांच्यावरच टर्बाइन लावू. कल्पना ऐकायला छान आहे, पण पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्याच्या फळ्या काढतात. म्हणजे पाणी असते तेव्हा उंची नसते आणि उंची असते तेव्हा पाणी नसते. तिथे पैसे घालू नयेत.

पैशांबद्दल गोड बोलून फसवणार नाही. वर्षातले सहा-सात महिने चालणाऱ्या संचाची वीज स्वस्त पडत नाही. पाइपालाच बराच खर्च येतो, यंत्राला त्यामानाने कमी. नुसता युनिटचा दर बघणारा माणूस हा कागद बाजूला ठेवील. पण पंचायत दर पावसाळ्यात डिझेलवर, जळलेल्या पंपांच्या वायंडिंगवर आणि टँकरवर जे घालवते, ते या हिशेबात कुणीच धरत नाही. वायंडिंगचे पैसे माझ्याच गल्ल्यात येतात, तेव्हा मी हे माझ्या पोटावर पाय देऊन सांगतो आहे.

यंत्र सांभाळणाऱ्या माणसाची नेमणूक आणि पगार यंत्राच्या आधी मंजूर व्हावा, एवढा आग्रह मात्र मी सोडणार नाही. एका गावात सौर दिव्यांचे खांब उभे राहिले, फोटो निघाले, दोन पावसाळ्यांत बॅटऱ्या गेल्या आणि त्या बदलायच्या कुणी हे करारात नव्हतेच. आता त्यातल्या एका खांबावर दुधीचा वेल चढवला आहे, आणि दुधी चांगले लागतात. चाळणीतला पातेरा रोज काढणारा, बेअरिंगला वेळेवर ग्रीस भरणारा, व्होल्टमीटरचा काटा बघून वहीत लिहिणारा गावातलाच एक माणूस किंवा बाई हवी. आयटीआय झालेली मुले मोपा विमानतळाच्या आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर मोटारसायकली झिजवतात, त्यांतला एखादा गावात राहील.

सुरुवात कुठून करायची, तर यंत्रापासून नको. पंचायतीने येत्या जूनपासून आपल्या हद्दीतले दोन-तीन बारमाही व्हाळ निवडावेत, प्रत्येकात रंगवलेली पट्टी रोवावी आणि रोज सकाळी पाणी कुठवर आहे ते जानेवारीपर्यंत लिहावे. दर आठवड्याला एकदा ड्रम आणि घड्याळ घेऊन, नाहीतर फळीला खाच पाडून, सेकंदाला किती लिटर ते मोजावे. उंची मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. या वहीशिवाय आलेला कुठलाही प्रकल्प अहवाल ग्रामसभेने वाचूसुद्धा नये. मोजमाप शिकवायला मी कुठल्याही गावात स्वखर्चाने येईन. फक्त मे महिन्यात बोलावू नका, तेव्हा दुकानात पंपांची रांग असते.

आपला,
मोटर वायंडिंग करणारा एक वाचक
वाळपई, सत्तरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)